वारा फिरला की छबूबाई येते

गहिनीनाथ खेमनरच्या नोकरीत रोज दोन फुगे हरवायचे, आणि ते हरवेपर्यंत त्यांच्यावरची नजर काढायची नाही, एवढंच त्याचं काम होतं. सदतीस वर्षं त्यानं ते केलं.

नगर शहराबाहेर एका माळावर हवामान खात्याची लहानशी वेधशाळा होती. तिथून सकाळी आणि संध्याकाळी हायड्रोजन भरलेला रबरी फुगा सोडायचे. आकाश निळं असलं तर पांढरा, ढगाळ असलं तर लाल. थंडीत उजाडायच्या आत सोडावा लागे, तेव्हा त्याला लांब दोरीनं कागदी कंदील बांधत. फुगा ठरावीक वेगानं चढतो, त्यामुळे तो किती उंचावर गेला हे घड्याळ सांगतं, आणि कुठल्या अंगाला सरकला हे तिपाईवरच्या दुर्बिणीतून दिसतं. गहिनीनाथ दुर्बिणीला डोळा लावून दर मिनिटाला दोन आकडे बोलायचा. त्याचा जोडीदार योहान उजागरे ते वहीत उतरवायचा. फुगा ढगात शिरला किंवा ठिपका होऊन दिसेनासा झाला की योहान वही मिटायचा. मग दोघं बसून कोणत्या उंचीवर वारा कुठून आणि किती जोरात वाहतोय ते मांडायचे आणि पुण्याला कळवायचे.

गहिनीनाथ मूळचा पारनेर तालुक्यातला, ढवळपुरीच्या अलीकडच्या एका धनगरवस्तीवरचा. त्याच्या बापाचा मेंढ्यांचा वाडा होता. चार-पाच घरांच्या मेंढ्या एकत्र, सामान लादलेली घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं, असा सगळा वाडा दिवाळी झाली की पश्चिमेला निघायचा. आळेफाटा, ओतूर, माळशेजचा घाट उतरून मुरबाडच्या बाजूला कोकणात जायचा. तिथले शेतकरी खतासाठी मेंढ्या शेतात बसवून घेत आणि त्याबदल्यात भात देत. पावसाळा जवळ आला की वाडा पुन्हा घाट चढून घरी यायचा, कारण कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही. बापानं दोन पोरांपैकी थोरल्याला, बजरंगला, काठी दिली आणि धाकट्याला शाळेत घातलं. धाकटा बारावी सायन्स झाला, परीक्षा देऊन खात्यात लागला आणि पुण्याला शिकून नगरच्या माळावर येऊन बसला.

पुढच्या वर्षी त्याचं छबूबाईशी लग्न झालं. तीही वाड्यातलीच, चालत चालत वाढलेली. नगरच्या क्वार्टरमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा दोन खोल्या बघून तिनं विचारलं होतं की हितं किती दिवस ऱ्हायाचं. गहिनीनाथला त्या प्रश्नाचं हसू आलं होतं. पुढं कित्येक वर्षं त्याला तो प्रश्न आठवायचा, पण हसू येत नसे.

त्या पहिल्या वर्षीच त्यानं तिला आपलं काम समजावून द्यायचा प्रयत्न केला. ती काठवटीत भाकरी थापत होती. तो शेजारी बसून सांगत होता की पृथ्वीच्या मधोमध, विषुववृत्तावर, ऊन सगळ्यात जास्त. तिथली हवा तापून वर जाते, आणि तिची जागा घ्यायला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून हवा धावत येते. मग उत्तरेकडचा वारा सरळ दक्षिणेला जायला हवा. पण तो ईशान्येकडून येतो, तिरका. का, तर खाली पृथ्वी फिरत असते म्हणून. छबूबाईला हे काही पटेना. सरळ निघालेलं माणूस तिरकं कसं जाईल, असं तिचं म्हणणं. तेव्हा त्यानं तिला भाकरी थापत राहायला सांगितलं. थापताना भाकरी हातांखाली गोल फिरतच असते, आणि तिची भाकरी घड्याळाच्या उलट फिरायची. त्यानं पिठाचं बोट भाकरीच्या मध्यावर टेकवलं आणि सरळ काठापर्यंत ओढलं. भाकरी थांबल्यावर दोघांनी बघितलं. रेघ वाकडी आली होती, उजवीकडे कललेली.

आपल्या अर्ध्या गोलावर वारा असाच उजवीकडे वळतो, तो म्हणाला. खालच्या अर्ध्यात डावीकडे. त्यामुळे पृथ्वीभोवती वाऱ्याचे पट्टेच पडलेत. आपल्या पट्ट्यात पूर्वेकडून येणारा, त्याच्या वर उत्तरेला पश्चिमेकडून येणारा, आणि पार ध्रुवाजवळ पुन्हा पूर्वेकडून. मग आपल्याकडं पावसाळ्यात पश्चिमेचा वारा कसा, हे तिनंच विचारलं. त्याचंही उत्तर त्याच्याकडं होतं. उन्हाळ्यात ती तापलेली जागा सरकून आपल्याकडं येते. मग विषुववृत्ताच्या पलीकडचा वारा ती रेषा ओलांडून इकडं निघतो. पलीकडं असताना तो डावीकडे वळत असतो, अलीकडं आला की उजवीकडे, आणि आफ्रिकेच्या कडेनं वळसा घेऊन समुद्रावरून नैऋत्येकडून आपल्यावर येतो.

छबूबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "आमच्यात म्हाताऱ्या मानसांला ह्ये ठावं हुतं," ती म्हणाली. "दिवाळीनंतर वारं पाठीवर घ्यायचं अन् कोकनात जायाचं. पावसाच्या तोंडाला वारं पाठीवर घ्यायचं अन् घरी यायचं. जनावराला नाकात वारं घिऊन चालाया लावू ने."

गहिनीनाथनं पिठाचं बोट पुसलं. पुण्यात शिकलेलं त्याच्या लक्षात राहिलं होतं, पण बापाबरोबर दहा वर्षं चालूनही हे त्याला सुचलं नव्हतं. वाऱ्याबरोबर वाडा जातो आणि वाऱ्याबरोबरच परत येतो.

चौथ्या वर्षी बजरंगची बायको साप चावून वारली. तिचा मुलगा करण तेव्हा चार महिन्यांचा होता. वाड्यातल्या ज्या घरात बाईमाणूस नाही ते बिऱ्हाड हलत नाही. भाकरी कोण करणार, कोकरं कोण सांभाळणार, घोडी कोण लादणार. छबूबाई म्हणाली, एक वरीस जाते, पोरगं पायावर उभं ऱ्हाऊ दे. आपली दोन वर्षांची अश्विनी कडेवर आणि करण झोळीत घेऊन ती दिवाळीनंतर गेली.

ती जूनमध्ये आली, चार महिने राहिली आणि पुन्हा दिवाळीला गेली. त्या वेळी बजरंगचा पाय मोडला होता. तिसऱ्या वर्षी आणखी काहीतरी होतं. पुढं कारण सांगायचं तिनं सोडून दिलं आणि त्यानंही विचारायचं. अश्विनी सहा वर्षांची झाल्यावर शाळेसाठी बापाजवळ राहिली. तिच्या वेण्या घालायला योहानची बायको, दया, रोज सकाळी येऊन जायची. क्वार्टरच्या ओळीत बायका बोलायच्या. नवऱ्याला सरकारी नोकरी असून बायको मेंढ्यांमागं फिरते, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार. काहीच बिनसलेलं नव्हतं. पावसाळ्याचे चार महिने ती घरात असली की दोघं एका ताटात जेवायची. ती त्याच्या डोक्याला तेल लावून द्यायची. तो तिला ड्युटीवर घेऊन जायचा, आणि ढग नसले की दुर्बिणीतून फुगा दाखवायचा.

हिवाळ्यात तो एकटा बघायचा. उजाडायच्या आत सोडलेला कंदिलाचा फुगा पूर्वेच्या वाऱ्यानं पश्चिमेला निघायचा, पारनेरच्या दिशेनं, म्हणजे तिच्याकडंच. गहिनीनाथ त्याच्यावरची नजर काढत नसे. योहानचे हात गारठायचे, पण तोही वही मिटत नसे. तीन-साडेतीन किलोमीटर चढला की मात्र फुगा रेंगाळायचा आणि मग पूर्वेला मागं फिरायचा, कारण थंडीत वरच्या थरात पश्चिमेचा वारा असतो. रोज तसंच होणार हे त्याला माहीत होतं. तरी तो खालच्या थरातली ती वीस-पंचवीस मिनिटं मनातल्या मनात मोजायचा, आज कुठपर्यंत गेला म्हणून.

मोबाईल नव्हते तेव्हा मुरबाडच्या एका किराणा दुकानदाराकडून लिहून घेतलेलं कार्ड महिन्या-दोन महिन्यांनी यायचं. सगळे बरे आहेत, चार मेंढ्या व्याल्या, अश्वीला खोकला असेल तर ओवा द्या. नंतर करणकडं फोन आला, पण तो चार्ज असला तर रेंज नसायची.

एप्रिल संपत आला की गहिनीनाथचं लक्ष आकड्यांवर असायचं. पहिल्यांदा अगदी खालच्या थरात वारा पश्चिमेकडं झुकायचा, दोन दिवस राहायचा, पुन्हा विस्कटायचा. मेच्या शेवटाला तो स्थिर व्हायचा आणि वर वर जाड होत जायचा. योहान वहीतले आकडे बघून नुसतं म्हणायचा, "आता निघतील." त्या संध्याकाळी गहिनीनाथ घर झाडून काढायचा. हजारो मैलांवरून, अर्ध्या पृथ्वीचा वळसा घेऊन निघालेला वारा आपल्या दारात पोचला की आठ-दहा दिवसांत बायको पोचणार, असा त्याचा बत्तीस वर्षांचा हिशेब होता आणि तो फारसा चुकला नव्हता.

गेल्या वर्षी मात्र चुकला. मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. संध्याकाळचा फुगा पूर्वेला गेला आणि जातच राहिला. एक किलोमीटर, दोन, चार, सहा; सगळीकडं पश्चिमेचाच वारा, जोरदार. गहिनीनाथनं कोन पुन्हा वाचले. योहान म्हणाला की वळवाचं काहीतरी असेल, उद्या मोडेल. दुसऱ्या दिवशी मोडलं नाही, उलट वाढलं. इतका जाड पश्चिमेचा वारा तो जूनमध्ये बघायचा. पाऊस दोन आठवडे आधी येत होता, आणि वाडा अजून घाटाखाली टोकावड्याजवळ होता. महिनाअखेरीला निघायचं त्यांचं ठरलेलं. पावसात घाट चढायचा म्हणजे ओली कोकरं गारठून मरणार आणि घोडी निसरड्यावरून दरीत जाणार. करणचा फोन लागत नव्हता.

इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं मे महिन्यात कधी रजा घेतली नव्हती. तिच्या येण्याच्या दिवसात आपण घरी नाही, हे त्याला चालायचं नाही. त्या दिवशी त्यानं योहानकडं अर्ज दिला आणि माळीवाड्याच्या स्टँडवरून कल्याणची एसटी पकडली.

टोकावड्याला उतरून त्यानं चहाच्या टपरीवर मेंढ्या कुठं बसल्यात ते विचारलं. दोन किलोमीटर चालत गेला. एका बांधावर छबूबाई मेंढ्यांभोवती लावायची जाळी सोडवत बसली होती. लांबून येणारा माणूस तिनं ओळखला आणि ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"कोन गेलं?" तिनं विचारलं.

"कोनी न्हाई गेलं. वारं आलंय."

तिनं वर बघितलं. आकाश स्वच्छ होतं. तेवढ्यात करण आला. आता बत्तीस वर्षांचा, बाप थकल्यावर वाड्याचा कारभारी तोच. त्याला हे पटेना. शेतकऱ्याला आणखी पाच दिवस बसायचा शब्द दिलेला, आणि त्याचे नाना एका फुग्यावरून उठून आलेले. तो चुलत्याला उलट बोलला नाही, पण काकीकडं बघत राहिला.

छबूबाईनं नवऱ्याला विचारलं, "किती वर हाय?"

"सहा किलोमीटरपातुर. सगळं एकाच अंगानं."

सहा किलोमीटर वर म्हणजे किती, हे तिला काही कळण्यासारखं नव्हतं. तिनं त्याच्या तोंडाकडं थोडा वेळ बघितलं आणि करणला म्हणाली, "घोडी आन."

दुसऱ्या दिवशी पहाटे वाडा निघाला. घाट चढून त्यांनी वर मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी ओतूरच्या अलीकडं असताना मागं सगळा घाट काळा झालेला दिसला. पाऊस त्यांनाही गाठून गेलाच. अकरा कोकरं दगावली. पण घाटाखाली राहिलेल्या एका वाड्याच्या सत्तरच्या वर मेंढ्या ओढ्यानं नेल्या, असं मागाहून कळलं. करणनं त्यानंतर फुग्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त संध्याकाळी घोंगडी आधी नानांना दिली.

गहिनीनाथ सात दिवस त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालला. वयाच्या बाराव्या वर्षानंतर पहिल्यांदा. दुसऱ्याच दिवशी त्याचा उजवा गुडघा सुजला, पण त्यानं सांगितलं नाही. छबूबाई पुढं चालायची. घरात ती जरा वाकून, सावकाश चालायची, इथं तिची चाल वेगळीच होती. प्रत्येक गावच्या शिवेवर कोणीतरी तिला हाक मारायचं. एका विहिरीवरच्या बाईनं तिला मिठी मारली आणि नातीला दाखवायला घरी घेऊन गेली. आळेफाट्याच्या एका दुकानदारानं न मागता मिठाची पिशवी दिली. कुठल्या बांधावर चारा आहे, कुठला पाटील चांगला, कुठलं कुत्रं चावरं, हे सगळं तिला ठाऊक होतं. ही बाई छबूमावशी म्हणून ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या पट्ट्यात ओळखली जाते, हे तिच्या नवऱ्याला माहीतच नव्हतं. त्यानं तिची इतकी वर्षं वाट बघितली होती, आणि ती कुठं असते याचं चित्र मनात काढलं होतं. ते चित्र अगदीच रिकामं होतं. त्यात एक रस्ता होता आणि एक बाई.

जुलैच्या अखेरीस तो निवृत्त झाला. क्वार्टर सोडून दोघं वस्तीवर आली. बापाच्या जागेवर त्यानं दोन खोल्या बांधल्या होत्या. छबूबाईनं फार पूर्वी शब्द दिलेला होता, की तुमी घरी बसलात की मी बी बसंन. दिवाळी झाली. करणचा वाडा निघाला. छबूबाईनं घोडी लादून दिली, करणच्या बायकोला, रूपालीला, चार गोष्टी सांगितल्या आणि दारात उभी राहून सगळे दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. मग आत येऊन तिनं चहा टाकला.

गहिनीनाथला आनंद आवरत नव्हता. त्या वर्षी त्यानं पहिल्यांदा हिवाळ्यात बायकोच्या हातचं हुलग्याचं माडगं खाल्लं. सकाळी उन्हाला दोघं शेजारी बसायची. पुण्याहून अश्विनीचा फोन आला की तो तिला सांगायचा, तुझी आई इथंच आहे, बोल. जणू ही बातमी रोज नवी होती.

नोव्हेंबरात पूर्वेचा वारा धरला. पहाटे चारला छबूबाईला जाग यायची. वाड्यात त्याच वेळी उठायचं असतं. ती बाहेर जाऊन ओट्यावर बसायची, पूर्वेला पाठ करून. सुरुवातीला त्याला वाटलं, सवय आहे, मोडेल. तिनं कसलीच तक्रार केली नाही. रूपालीला रोज फोन करून कुठं मुक्काम आहे ते विचारायची आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ तशीच बसायची. जेवण कमी झालं. शेजारच्या दोन शेळ्या विनाकारण चारायला घेऊन जाऊ लागली. गहिनीनाथला तो चेहरा ओळखीचा होता. कुठं बघितलाय ते त्याला लगेच आठवेना. मग एकदा दाढी करताना आरशात आठवलं.

डिसेंबरात एका सकाळी तो उठला तेव्हा तिचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं होतं. तो तोंड धुऊन येईपर्यंत तिनं ते सोडून लुगडी पुन्हा फळीवर लावली होती. त्यानं काही बघितलं नाही असं दाखवलं. दोन दिवस त्याला ते जमलं. तिसऱ्या दिवशी उन्हाला बसलेले असताना त्यानं विचारलं, "छबू, तू जायाचीस ते करणसाठी का?"

ती हातातल्या शेंगा सोलत राहिली.

"पयलं वरीस करनसाठी," ती म्हणाली. "मंग माझ्यासाठी."

"मला कंदी सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर ऱ्हावं लागलं असतं." टरफलं झटकत ती म्हणाली, "पर यायची घाई बी तेवढीच व्हायची. घाट चढताना मी सगळ्यांच्या फुडं असायची. करनला इचारा."

बत्तीस वर्षं हा प्रश्न त्यानं जपून ठेवला होता, आणि उत्तर दोन वाक्यांत आलं होतं. तिचं ‘माझ्यासाठी’ त्याला लागलं आणि ती यायची घाईही लागली, पण वेगळ्या जागी.

त्यानं तिला जायला सांगितलं. ती नको म्हणाली. शब्द दिलेला. तो म्हणाला, शब्द मला दिलाय, मी सोडतो. मग तिनं विचारलं, "आन तुमी?" त्याला बरोबर जायची फार इच्छा होती. पण मेच्या त्या चालण्यानंतर गुडघा पुन्हा पहिल्यासारखा झालाच नव्हता. डॉक्टरांनी चढउतार करू नका म्हणून सांगितलं होतं, आणि वाड्याला आजारी माणूस ओझं होतं हे दोघांनाही माहीत होतं. तो म्हणाला, मी हाय हितं. अश्विनी फोनवर आईला रागावली, या वयात कशाला म्हणून. तिला त्यानंच समजावलं.

टाकळी ढोकेश्वरच्या फाट्यावरून त्यानं तिला कल्याणच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली. तिनं त्याला औषधाच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते दोनदा सांगितलं. गाडी सुटली तेव्हा तिनं मागं वळून बघितलं नाही. तिनं पुढंच बघितलं, आणि त्याला ते दिसलं.

आता रोज संध्याकाळी तो फोन करतो. कधी लागतो, कधी नाही. परवा लागला. ती मुरबाडच्या अलीकडं कुठल्यातरी शेतावर होती. एका मेंढीला जुळं झालंय म्हणाली, दुसरं कोकरू अशक्त आहे, बाटलीनं पाजतेय. मग त्याच्या गुडघ्याचं विचारलं, रात्री कोण सोबतीला असतं ते विचारलं. तो उत्तर देत असतानाच मागून रूपालीनं हाक मारली, मेंढ्या बांधावरून शेजारच्या भाजीपाल्यात शिरत होत्या. छबूबाईनं फोन तसाच खाली ठेवला आणि धावली. तो बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. गहिनीनाथ ओट्यावर बसून ऐकत राहिला. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, कुत्र्याचं भुंकणं, आणि मधूनच तिचा आवाज, लांब जाणारा, पुन्हा जवळ येणारा. ती मेंढ्यांना हाकारत होती. त्यानं दोनदा तिचं नाव घेतलं, मग घेतलं नाही. फोन कानाला लावून तो ते सगळं ऐकत बसला, पलीकडचा चार्ज संपेपर्यंत.